उझबेकिस्तानातून घरी काय आणलं

शुक्रवार, भुसावळ ते दिल्ली

परदेशातून कुणासाठी काय आणायचं, हा विषय आमच्याकडे तिकिटं काढायच्या आधीच सुरू होतो. जळगावात कुणी दुबई-सिंगापूरहून आलं की चॉकलेटचा डबा, सेंटची बाटली आणि फ्रिजवर लावायचं चुंबक घरोघर पोचतं. चॉकलेट आठवडाभरात संपतं. चुंबक कुठल्या गावचं, हे वर्षभरात कुणाला आठवत नाही. म्हणून या वेळी मी, आमचे हे आणि अमळनेरच्या अक्का, म्हणजे माझ्या नणंदबाई, अशा तिघांनी मिळून ठरवलं होतं. वस्तू थोड्या घ्यायच्या, प्रत्येक वस्तू कुणासाठी ते आधी लिहून ठेवायचं, आणि जमेल तिथे ती ज्याने केली त्याच्याच हातून घ्यायची.

उझबेकिस्तानच का, तर कापूस. ह्यांचं सगळं आयुष्य जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यावर गेलं. सरकी, गाठी, रुईचा भाव हेच घरातलं बोलणं. कापसावर उभा असलेला दुसरा देश बघायचा, ही त्यांची जुनी इच्छा. अक्कांना भरतकाम बघायचं होतं. त्या पंचवीस-तीस वर्षं शिलाई मशीन चालवताहेत आणि गोधडी अजून हातानेच घालतात.

निघताना जिजींनी, म्हणजे सासूबाईंनी, एक अट घातली. पितृपक्ष लागलेला. "घ्यायचं ते घ्या, पण कोरी वस्तू घट बसेपर्यंत पिशवीतून काढायची नाही." आम्ही मान्य केलं. बॅगेत केळीचे वेफर्स, लसणाची शेव आणि भरिताचा मसाला भरला. कुणाच्या दारी जायचं तर रिकाम्या हाताने कशाला?

शनिवार, ताश्कंद

दिल्लीहून विमानाने तीन-साडेतीन तास. घड्याळ फक्त अर्धा तास मागे घ्यायचं. व्हिसा ऑनलाइन काढलेला होता. तेव्हा रुपयाला साधारण दीडशे सोम पडत होते, त्यामुळे पहिल्याच चहाचं बिल हजारांत आलं.

संध्याकाळी लाल बहादूर शास्त्रींच्या पुतळ्यापाशी जाऊन आलो. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला आणि ११ तारखेच्या पहाटे शास्त्रीजी इथेच गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आहे. ह्यांनी पुतळ्याला हात जोडले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

रविवार, चोरसू बाजार

मेट्रोने गेलो. ही मेट्रो १९७७ ची. वाटेत एका स्टेशनचं नाव पख्ताकोर, म्हणजे कापूस पिकवणारे. आत भिंतीभर कापसाच्या नक्षीचं मोझेक. हे तिथे उतरले आणि दोन गाड्या सोडून दिल्या. पूर्वी या मेट्रोत फोटो काढायला मनाई होती, २०१८ पासून चालतं. त्यांनी मनसोक्त फोटो काढले.

चोरसू म्हणजे मोठा निळा घुमट. आत खाली मांस आणि दूधदुभतं, वर गोल सज्ज्यात सुकामेवा आणि मसाले. बाहेर फळं, भाज्या, भट्टीवरच्या रोट्या, रंगवलेले पाळणे. सप्टेंबर असल्याने खरबुजं आणि द्राक्षं यांचे ढीगच ढीग. दुकानदार आधी हातावर चव ठेवतो, मग भाव सांगतो. जर्दाळूचेच कितीतरी प्रकार. गडद तपकिरी दिसतात ते गंधकाची धुरी न देता वाळवलेले, चमकदार केशरी दिसतात ते धुरी दिलेले. तपकिरी दिसायला डावे पण चवीला कितीतरी गोड, आम्ही तेच घेतले. शिवाय नवात, म्हणजे दोऱ्यावर धरलेली पिवळसर खडीसाखर, आणि राखेत मीठ लावून भाजलेल्या जर्दाळूच्या बिया. या बिया टरफलासकट भाजतात, भाजताना चीर पडते, तिथे नख घालून फोडायच्या. आत बदामासारखा गर.

भांड्यांच्या गल्लीत अक्का एकदम थांबल्या.

"माय वं, हाई ते आपलं कापूसनं बोंड शे!"

समोर चहाच्या किटल्या आणि बिनकानाचे पेले मांडले होते. गडद निळा रंग, सोनेरी काठ आणि मध्ये फुटलेलं पांढरं बोंड. ही नक्षी उझबेकिस्तानात घरोघरी आणि प्रत्येक चहाच्या दुकानात दिसते. सोव्हिएत काळापासून चालत आलेलं कारखान्याचं काम, हाताचं नाही. आमच्या ठरावात हे बसत नव्हतं. पण कापसाचं बोंड चहाच्या किटलीवर मिरवणारा देश मला तरी दुसरा माहीत नाही, आणि आमच्या घरात त्याच्यासारखी योग्य वस्तू दुसरी कुठली असणार? जिजींसाठी एक किटली आणि सहा पेले घेतले. हे दुकानदाराला हातवारे करून सांगत होते की आमच्याकडेही हेच पिकतं. त्याने फोनवर कॅल्क्युलेटर उघडून आपण होऊन आकडा कमी केला.

सोमवार, फरगाना खोऱ्याकडे

दिवसभर रेल्वे. डोंगर, मग १९ किलोमीटरचा कामचिक बोगदा, आणि पलीकडे उतरल्यावर दोन्ही बाजूंना कापूस. बोंडं फुटायला लागली होती. हे खिडकी सोडायला तयार नव्हते. झाड आपल्यापेक्षा बुटकं, ओळी सरळ, पाणी पाटाचं. आपल्याकडे पावसावर आणि विहिरीवर भिस्त, इथे अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांवर. याच पाण्याच्या उपशाने अरल समुद्र आटला.

आणखी एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. वर्षानुवर्षं इथे वेचणीला शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी यांना सक्तीने शेतात उतरवत. त्यामुळे जगातल्या कितीतरी मोठ्या कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार घातला होता. सरकारने २०२० मध्ये कापसाचं ठरवून दिलेलं उद्दिष्ट काढून टाकलं. २०२१ च्या हंगामात अशी सरसकट सक्ती राहिली नसल्याचं दिसून आल्यावर मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. त्याआधीची वर्षं असती, तर मी इथलं सुती कापड विकत घेतलं नसतं. वेचणीला वाकलेल्या बाईची पाठ काय म्हणते, हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही.

मंगळवार, मार्गिलान

हा दिवस सगळ्यात मोठा. मार्गिलान रेशमाचं गाव. इकत म्हणजे धागा आधी बांधून रंगवायचा आणि मग विणायचा. इथल्या इकतचे दोन मुख्य प्रकार. अतलस म्हणजे उभा-आडवा दोन्ही धागा रेशमाचा, झुळझुळीत. आद्रस म्हणजे उभा ताणा रेशमाचा आणि आडवा बाणा सुताचा. अतलस आणि आद्रस विणण्याचं जुनं तंत्र जपल्याबद्दल इथल्या हस्तकला केंद्राच्या कामाची नोंद २०१७ मध्ये युनेस्कोने घेतली.

विणकामाच्या शेडमध्ये सकाळीच पोचलो. एका मोठ्या कढईत कोष उकळत होते. बाई काठीने ढवळून धाग्यांची टोकं पकडत होती आणि चाकावर चढवत होती. पुढच्या खोलीत ताणा ताणून बांधलेला. त्याच्यावर कोळशाने नक्षीच्या खुणा करतात, मग जिथे रंग लागू द्यायचा नाही तिथे गच्च दोरा गुंडाळतात आणि ताणा रंगात बुडवतात. सोडायचा, पुन्हा दुसरीकडे बांधायचा, दुसऱ्या रंगात बुडवायचा. जितके रंग तितक्या वेळा. डाळिंबाची साल, कांद्याची साल, अक्रोडाची टरफलं, मंजिष्ठा, नीळ, असे रंग ओळीने ठेवलेले होते. आडव्या धाग्याला नक्षी नसतेच. उभ्या धाग्यांवरची नक्षी मागावर चढताना किंचित सरकते, म्हणून तिच्या कडा पाण्यात शाई पसरावी तशा दिसतात.

अस्सल आणि छापील ओळखायचं तेही इथेच शिकलो. छापील कापडाची नक्षी एका बाजूला गडद, उलट बाजूला फिकी, आणि कडा कापल्यासारख्या रेखीव. खऱ्या इकतची नक्षी दोन्हीकडे तितकीच ठळक, आणि पन्हा अरुंद, कारण माग अरुंद. कुणी रेशीम म्हणून विकत असेल तर त्याच्याकडून एक धागा मागून घ्यावा आणि जाळून बघावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि बोटात चुरा होतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. मागावर बसलेल्या मुलीने स्वतःच धागा जाळून दाखवला.

भाव मीटरला नव्वद हजार सोम, म्हणजे सहाशे रुपये. ह्यांनी सवयीने घासाघीस सुरू केली. गाईड मुलगी हिंदी चांगली बोलायची, ती भाषांतर करत होती. अक्का मागापाशी उभ्या होत्या. मुलीचा पाय पट्टीवर, हातात धोटा, आणि इतक्या वेळात कापड वीतभरसुद्धा पुढे सरकलेलं नव्हतं. त्या वळून ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, कष्टना पैसा कमी करू नको."

हे गप्प झाले. जिनिंगच्या दारात काय चालतं ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. शेतकरी गाडी घेऊन येतो, व्यापारी मूठभर कापूस उचलतो, धागा ताणून बघतो आणि म्हणतो ओल आहे, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) आहे, इतकेच देतो. भाड्याने आणलेली गाडी परत नेणं शेतकऱ्याला परवडत नाही, हे दोघांनाही माहीत असतं. करणाऱ्याच्या दारात उभं राहून त्याची मजुरी कापायची, ही खरेदीतली हुशारी मला पटत नाही. मधल्या दुकानदाराशी भाव करावा, खुशाल करावा. मागावर बसलेल्या हाताशी करू नये. त्या दिवसापासून आमचा तोच नियम झाला आणि ह्यांनी तो शेवटपर्यंत पाळला.

दोन सुनांना आणि पुण्याच्या भाचीला आद्रसचे तुकडे घेतले. निघताना वेफर्सचं पाकीट मागावरच्या मुलीच्या हातात दिलं. केळीचे आहेत म्हटल्यावर तिला खरंच वाटेना. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे ह्यांनी तिला मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं. शेडमधल्या सगळ्यांनी मिळून ते पाकीट तिथेच संपवलं.

बुधवार, रिश्तान

मार्गिलानहून टॅक्सीने तासाभरात रिश्तान. गावात कुंभारांचीच वस्ती. इथला निळा-फिरोजी रंग प्रसिद्ध. त्यावरची चकाकी इश्कोर नावाची. वाळवंटी झुडपं जाळून त्यांच्या राखेपासून ती करतात. नक्षीत डाळिंब, मिरची, सुरी, मासा. सुरी म्हणजे संकट तोडणारी, असं कारागीर सांगत होते.

एक गोष्ट विचारल्याशिवाय घेऊ नये: हे जेवायचं भांडं की भिंतीवर टांगायचं? स्वस्त भांड्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थाने ते उतरतं. आमच्या कारागिराने दोन कप्पे वेगळे दाखवले आणि जेवायची ताटं कुठली ते स्पष्ट सांगितलं. पुलाव वाढायचं एक मोठं पसरट ताट घेतलं. त्यात भरीत वाढायचं, हे तिथेच ठरलं. ताट हातातच न्यायचं होतं, त्यामुळे पुढचा सगळा प्रवास ते ह्यांच्या मांडीवर.

गुरुवार

पहाटे ताश्कंद, तिथून आफ्रोसियोब या वेगवान रेल्वेने दोन तासांत समरकंद. संध्याकाळी रेगिस्तान चौक. डावीकडे उलुघबेगचा मदरसा (१४१७ ते १४२०), समोर आणि उजवीकडे सतराव्या शतकातले दोन. तिन्ही मदरशांच्या आत विद्यार्थ्यांच्या जुन्या खोल्यांत आता भेटवस्तूंची दुकानं आहेत. बऱ्याच दुकानांत तोच तोच माल. फक्त बघितलं.

शुक्रवार, समरकंद

सकाळी बीबी खानम मशिदीजवळचा सियाब बाजार. समरकंदची रोटी जाड, जड, वरून चकचकीत आणि कितीतरी दिवस टिकणारी. मधोमध ठिपक्यांचं फूल असतं. ते ठिपके चेकिचने पाडतात. लाकडी मुठीला खिळ्यांची नक्षी, तिने मध्यभाग टोचला की तो फुगत नाही. रोटी इथे उलटी ठेवत नाहीत आणि टाकत तर मुळीच नाहीत. आमच्याकडे खापरावर मांडे करणाऱ्या मोठ्या जाऊबाई आहेत, त्यांच्यासाठी चेकिच घेतलं. स्वयंपाकघरात वापरता येणारी वस्तू त्यांना सगळ्यात जास्त आवडते.

दुपारी समरकंदजवळचं कोनीगिल गाव. पाण्यावर फिरणारं लाकडी चाक मोठी मुसळं वर-खाली करतं आणि त्याखाली तुतीच्या सालीचा लगदा कुटला जातो. समरकंदचा कागद मध्ययुगात सगळ्या मुस्लिम जगात जायचा. ती कारागिरी इथे पुन्हा उभी केली आहे. साल सोलतात, उकळतात, कुटतात, मग जाळीवर पातळ थर उचलून दाबतात, वाळवतात. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटतात. कागद पांढराशुभ्र करत नाहीत, पिवळसरच ठेवतात. तिथून एक शिवलेली वही घेतली. आमच्या सालदाराची मुलगी आठवीत आहे, तिचं नाव यादीत सगळ्यात वर होतं.

शनिवार-रविवार, बुखारा

बुखाऱ्यात सोळाव्या शतकातले बाजाराचे तीन घुमट अजून उभे आहेत. एक सोनारांचा, एक टोपीवाल्यांचा, एक सराफांचा, म्हणजे पैसे बदलून देणाऱ्यांचा. चौकाच्या नाक्यावर घुमट, त्याच्या पोटातून रस्ते जातात, आत सावली आणि गारवा. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही.

लोहाराच्या दुकानात कात्र्या. करकोच्याच्या आकाराच्या: चोच म्हणजे पाती, शरीर म्हणजे मूठ. पूर्वी बुखाऱ्याच्या मनोऱ्यांवर करकोचे घरटी करत, तळी आटवली तसे ते गेले, आता कात्रीत उरले. लोहाराने ऐरणीवरची अर्धवट पाती दाखवली, मग तयार कात्रीने आधी जाड कापड आणि मग ओला पातळ कागद कापला. अक्कांनी हातात घेऊन पाती उघड-मीट केली, खिळा सैल आहे म्हणाल्या. त्याने हसत दोन ठोके मारून घट्ट करून दिला. आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींसाठी ती घेतली. कात्री हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेतच टाकायची.

आणि मग सुझानी. सुती कापडावर रेशमाने भरलेला मोठा पडदा, मुलीच्या लग्नाच्या आहेरासाठी आई-आजी भरायला घेत. अरुंद पट्ट्या तात्पुरत्या जोडून त्यावर नक्षी काढणारी बाई आधी पूर्ण चित्र रेखते. मग पट्ट्या सुट्या करून घरातल्या वेगवेगळ्या बायकांना भरायला देतात आणि शेवटी पुन्हा जोडतात. प्रत्येकीचा हात वेगळा, ताण वेगळा. म्हणून जोडाच्या रेषेवर डाळिंबाचा एक अर्धा दुसऱ्याला तंतोतंत जुळत नाही. कधी रंगाची छटाही बदलते. एखादं पान मुद्दाम अर्धवट सोडतात.

पहिल्या दुकानात एक सुझानी जुनी, हातची म्हणून समोर पसरली. भाव भलताच. अक्का म्हणाल्या, "मांगली बाजू दखाड." दुकानदार उलटी करायला तयार नव्हता. अक्कांनी कोपरा उचलला. मागे सगळीकडे एकाच पांढऱ्या दोऱ्याची रेघ, बॉबिनचा दोरा. मशीनचं काम, दुसरं काय! आम्ही पुढे निघालो.

दुसऱ्या दिवशी गाईडने एका घरी नेलं. अंगणात सासू, सून आणि शेजारीण भरत बसलेल्या. इथे लांब रेशमी धागा आडवा टाकतात आणि तोच धागा परत येताना तिरक्या लहान टाक्यांनी त्याला बांधतात. मागच्या बाजूला त्या टाक्यांचे ठिपके दिसतात, ओळ कधी सरळ, कधी तिरपी. अक्कांनी पिशवीतून आपल्या गोधडीचा एक नमुना काढून दिला. तो हातोहात फिरला. त्या घरच्या सासूबाईंनी त्याच्यावरचे धावदोऱ्याचे टाके नखाने मोजले आणि मान डोलावली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी तासभर बोलणं चाललं. कुठला टाका आधी, सुई कुठून काढायची, डोळे कधीपासून दुखतात. डोळ्यांचं तर दोघींनी हातानेच सांगितलं.

अक्कांनी उशीच्या अभ्र्याएवढा एक तुकडा घेतला, सांगितलेल्या भावात. तोही मोठा विचार करून, कारण यादीत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं. मी लिहिलं.

जुनी सुझानी, जुनं पितळ, जुने दागिने घ्यायचे असतील त्यांच्यासाठी एक सूचना. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या धाटणीची नवी वस्तू घेतली तरी दुकानाची पावती जपून ठेवा, विमानतळावर विचारतात.

सोमवार, ताश्कंद

बांधाबांध. पेले कपड्यांत, ताट हातात. सुकामेवा एका बॅगेत, कात्री तळाशी. रात्री विमान.

जळगाव

जिजींच्या अटीप्रमाणे पिशव्या कोपऱ्यात तशाच ठेवल्या. खाऊला मात्र अट नव्हती. गल्लीत भुलाबाई बसलेली होतीच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली रोज एकेका घरी गाणी म्हणतात, आणि शेवटी बंद डब्यातला खाऊ हलवून ओळखायचा असतो. त्या संध्याकाळी आमची पाळी होती. राखेत भाजलेल्या जर्दाळूच्या बिया डब्यात भरल्या.

मुलींनी डबा हलवला. खडखड खडखड. शेंगदाणे? नाही. चणे? नाही. सुपारी, चिंचोके, गोट्या, शेवटी एकीने तर खडी म्हटलं. हार मान्य केल्यावर डबा उघडला आणि चिरेत नख घालून फोडायचं कसं ते अक्कांनी दाखवलं. दुसऱ्या दिवशी नवात ठेवली, ती पहिल्याच फटक्यात ओळखली.

घट बसले त्या दिवशी पिशव्या सोडल्या. जिजींनी किटलीवरचं बोंड बोटाने चाचपलं आणि पहिला प्रश्न विचारला: तिकडे कापसाला काय भाव? हे समोर बसून अर्धा तास सांगत होते. मावशींनी कात्री लगेच मशीनवर नेली, खणाचं जाड कापड एका दमात कापलं जातं म्हणतात. जाऊबाईंनी चेकिच खापराच्या मांड्यावर नाही, पण शंकरपाळ्यांवर चालवून बघितलं. सालदाराची मुलगी तिच्या वहीत भुलाबाईची गाणी उतरवून घेते आहे. जिजी सांगतात, ती लिहिते. तिची एकच तक्रार आहे, घोटलेल्या बाजूला शाई छान बसते, पण उलट्या बाजूला पेन अडतं. ह्यांनी तिला वाण्याकडून शाईचं पेन आणून दिलं आहे, त्याने दोन्ही बाजूंना चालतंय.